ब्लड मून बॅन करावं का? वाशीच्या ग्रुपला ठाण्याहून उत्तर

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुलाही दिसेल. वाशीला तुमचा दहा-बारा जणांचा ग्रुप, शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मॅजिक (मॅजिक: द गॅदरिंग, हा कार्डांचा खेळ), साठ कार्डांची डेक्स, ऑफिशियल बॅन लिस्ट कोणी पाळत नाही, ज्याच्याकडे जे आहे ते आणायचं. आता भांडण लागलंय. एक पार्टी म्हणते ब्लड मून हे कार्ड बॅन करा, दुसरी म्हणते रॅगावन हे माकडाचं कार्ड बॅन करा, तिसरी म्हणते आधी खेळायला शिका. आणि शेवटी जाता जाता तू एक ओळ टाकलीयस की नेरूळहून येणाऱ्या एका काकांच्या डेकमधल्या सेन्सेज डिव्हायनिंग टॉप या कार्डामुळे तिसरा राउंड कधी पुरा होतच नाही, पण ते चालतं, काका कुठे जिंकतात.

माझं उत्तर: मून ठेवा, रॅगावन ठेवा, टॉप काढा.

ठाण्यात रविवारचं टेबल बरीच वर्षं मांडतोय, जजिंग पण केलंय, आणि बॅनवरून भांडणं एवढी ऐकलीयत की आता मी पहिला प्रश्न एकच विचारतो, तक्रार नेमकी काय आहे? कारण "बॅन करा" हे सगळे एकाच सुरात म्हणतात पण पोटात वेगवेगळं असतं. कोणाचं म्हणणं असतं हे कार्ड फार जिंकतं, कोणाचं असतं की सगळे तेच खेळतात म्हणून कंटाळा आला, कोणी म्हणतं मला खेळूच दिलं नाही नुसतं बसवून ठेवलं, कोणाचा वेळ जातो, कोणाचे पैसे नाहीत ते कार्ड घ्यायला. आणि अर्ध्या वेळा खरं कारण असतं "मी गेल्या शनिवारी त्याला हरलो". यातल्या प्रत्येक तक्रारीला पुरावा वेगळा लागतो आणि उपाय पण वेगळा. तुम्ही सगळं एका मतदानात घातलंत तर ज्याचा आवाज मोठा त्याचं कार्ड वाचणार, बाकी काही होणार नाही.

आधी मून घेऊ कारण त्यावर तुमचं डोकं जास्त तापलंय. कार्ड 1994 चं आहे, तीन मानाचं (माना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा, ती लँड कार्डांतून मिळते), आलं की सगळी नॉन-बेसिक लँड्स, म्हणजे साधी एकरंगी बेसिक सोडून बाकीची, माउंटन होतात, म्हणजे त्यातून फक्त लाल माना. तीन-चार रंगांचं डेक घेऊन बसलेला माणूस हातात सात कार्डं धरून बघत राहतो. त्रास खरा आहे, मी नाही म्हणत नाही. पण मॉडर्न फॉरमॅट (कोणती कार्डं चालतात हे ठरवणारा ऑफिशियल प्रकार) 2011 ला सुरू झाला तेव्हापासून हे कार्ड तिथे चालू आहे, आणि ते असल्यामुळे चार रंग फुकटात खेळता येत नाहीत, काहीतरी धोका पत्करावा लागतो. मून काढलंत तर पुढच्या दोन महिन्यांत तुमच्यातले सगळे चार रंगांची तीच तीच भारी कार्डं घेऊन येतील आणि मग तू मला परत विचारशील की दादा आता काय बॅन करू. तुमच्या ग्रुपमधली किती डेक्स चार-पाच बेसिक लँड्स घालतात ते मोज एकदा. फेच लँडने (डेकमधून दुसरी लँड शोधून आणणारी) पहिल्या टर्नला ड्युअल, म्हणजे दोन रंगांची, न आणता बेसिक आणायची सवय किती जणांना आहे तेही बघ. साइडबोर्डमध्ये (गेम्सच्या मधे बदलायची राखीव कार्डं) एन्चांटमेंट, म्हणजे मूनसारखं टेबलावर राहणारं कार्ड, मोडणारं एक तरी कार्ड आहे का. हे सगळं करून पण मून जिंकत असेल तर पुढे बोलू.

आता "फार जिंकतं" याबद्दल. हा आकडा लोक फार चुकीचा वाचतात, म्हणून जरा थांबतो इथे. समजा तुमच्या मूनवाल्या मुलाने आत्तापर्यंत चाळीस मॅचेस खेळल्या आणि चोवीस जिंकला, म्हणजे 60 टक्के. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण चाळीस मॅचेसमध्ये नुसत्या नशिबाने पंधरा टक्के इकडे किंवा तिकडे सहज होतं, म्हणजे त्या डेकचा खरा दर 45 पण असू शकतो आणि 75 पण. एवढ्याशा आकड्यावर कोणाला फाशी देता येत नाही. शिवाय हे डेक जिंकतंय की तो मुलगा जिंकतोय? याची टेस्ट एकदम स्वस्त आहे, दोन शनिवार डेक्सची अदलाबदल करा. त्याचं डेक तुझ्या हातात आणि तुमच्यातलं सगळ्यात गरीब डेक त्याच्या हातात. तरी तोच जिंकला तर बॅन कोणाला करायचं ते तुम्हीच ठरवा. आमच्याकडे ही अदलाबदल केल्यावर अर्धी भांडणं तिथेच मिटतात, कारण डेक हातात आल्यावर कळतं की त्याचे वाईट हात किती वाईट असतात, समोर बसून ते कधी दिसत नाही.

मोठ्या टूर्नामेंटचे आकडे वाचताना अजून एक गोष्ट, मिरर मॅच बाजूला काढायची. एकच डेक दोघांकडे असेल तर एक जिंकणार एक हरणार, ते 50 टक्केच. समजा हॉलमधले 40 टक्के लोक तेच डेक खेळतायत आणि बाकीच्यांविरुद्ध ते 56 टक्के जिंकतंय, तर एकूण बेरीज 53.6 दिसते. लोक म्हणतात अरे 53 च तर आहे. पण 56 हा प्रचंड आकडा आहे, आणि डेक जितकं जास्त पसरेल तितका एकूण आकडा साळसूद दिसत जातो.

आता समजा पुरावा मिळाला की काहीतरी बॅन करायलाच हवं. तरी नेमकं काय काढायचं यात कंपन्या पण गडबडतात. 2019 च्या जूनमध्ये मॉडर्न होरायझन्स हा नवीन कार्डांचा सेट आला, त्यात होगाक नावाचा राक्षस, ज्याला माना देताच येत नाही, ग्रेव्हयार्ड (वापरून झालेल्या कार्डांचा ढीग) आणि टेबलावरचे क्रीचर्स वापरून उतरवायचा. जुलैमध्ये विझर्ड्सने (मॅजिक बनवणारी कंपनी) बॅन केलं कोणाला, तर ब्रिज फ्रॉम बिलो या जुन्या साथीदाराला. नवीन सेटचं चकचकीत कार्ड वाचवायला जुन्याचा बळी दिला असंच सगळे म्हणाले. डेकने ब्रिजशिवाय पण धुमाकूळ चालूच ठेवला आणि ऑगस्टच्या 26 तारखेला होगाकला बॅन करावंच लागलं, बरोबर फेथलेस लूटिंग हे कार्ड पण गेलं. मधले सात आठवडे मॉडर्न खेळणाऱ्यांचे वायाच गेले म्हण. त्याच्या आधीचं उदाहरण स्कलक्लॅम्प, एक मानाचं इक्विपमेंट, म्हणजे क्रीचरला घालायचं कार्ड, घातलेला क्रीचर मेला की दोन कार्डं, आणि ते स्वतःच टफनेस (किती मार सोसतो तो आकडा) एकने कमी करतं म्हणजे छोटे क्रीचर्स एका मानात मारा आणि दोन कार्डं घ्या. जून 2004 ला ते बॅन झालं, ते बरोबरच होतं, पण ते ज्यात होतं त्या ॲफिनिटी डेकचं (आर्टिफॅक्ट कार्डांवर चालणारं) बाकीचं यंत्र तसंच राहिलं आणि शेवटी मार्च 2005 मध्ये एकदम आठ कार्डं काढावी लागली, त्यातली सहा तर नुसती आर्टिफॅक्ट लँड्स. तेवढ्यात किती लोक स्टँडर्ड (फक्त नवीन सेट्सचा फॉरमॅट) सोडून गेले. मला यातून जे दिसतं ते असं की जे कार्ड तुम्हाला शेवटी मारतं ते बहुतेक वेळा गुन्हेगार नसतं, मागे कोण फुकट कार्डं किंवा फुकट माना देतोय ते शोधायचं. पण होगाकमध्ये हेच सूत्र लावून ब्रिज काढलं आणि ते चुकलं, तिथे मारणाराच गुन्हेगार होता. म्हणजे सूत्राने चालत नाही, ते कार्ड काढून डेक परत बांधून बघायचं, अजून तितकंच जिंकतंय का. हे घरी बसून एका संध्याकाळी करता येतं.

उलटी चूक पण होते, नको त्याला काढायची. स्प्लिंटर ट्विन, म्हणजे दुसरं कार्ड जुळलं की लगेच जिंकवणारं कॉम्बो कार्ड, जानेवारी 2016 ला मॉडर्नमधून काढलं. पुढच्या महिन्यातल्या प्रो टूर या मोठ्या स्पर्धेत एल्ड्राझी डेक्सनी टॉप आठमध्ये सहा जागा घेतल्या, आणि मग त्यांची आय ऑफ यूगिन ही लँड एप्रिलमध्ये बॅन करावं लागलं. ट्विन असतं तर एल्ड्राझी थांबलं असतं का, यावर रात्रभर भांडता येईल, मी भांडलोय. पण डिसेंबर 2024 ला ट्विन परत सोडलं आणि काही आभाळ कोसळलं नाही.

रॅगावनचं थोडक्यात. हे माकड लेगसीमध्ये (जुनी कार्डं पण चालणारा फॉरमॅट) जानेवारी 2022 पासून बॅन आहे आणि मॉडर्नमध्ये चालू आहे. कार्ड तेच, अक्षर न अक्षर तेच, पण लेगसीत त्याच्या मागे फोर्स ऑफ विल आणि डेझसारखे फुकटचे काउंटर, म्हणजे समोरच्याचं कार्ड रद्द करणारी कार्डं, असतात, पहिल्या टर्नला उतरलेलं माकड मारायला गेलात तर तुमचंच कार्ड रद्द होतं. तुमच्या ग्रुपमध्ये माकडवाल्याकडे फोर्स ऑफ विल आहेत का? नाहीत, तू लिहिलंयस की सगळा मॉडर्नचाच माल आहे. मग माकड मारायला एक मानाचं लाइटनिंग बोल्ट पुरतं. माझा अंदाज असा की तुमच्यातली खरी तक्रार किमतीची आहे, त्याने चार घेतले आणि बाकीच्यांना परवडत नाहीत. ती तक्रार खोटी नाहीये. आपल्याकडे सिंगल्स (सुटी कार्डं) बाहेरून मागवायचे म्हणजे शिपिंग, कस्टम, मधला माणूस, आणि चाळीस रुपयांचं उत्तराचं कार्ड पण महिनाभर मिळत नाही, त्यामुळे अमेरिकेत जे कार्ड निभावून नेतात ते इथे डोक्यावर बसतं. पण त्याला बॅन हे औषध नाही. शनिवारच्या घरगुती खेळात प्रॉक्सी चालू करा, छापील कागद स्लीव्हमध्ये घालून, सगळ्यांना चारही माकडं आणि सगळे उपाय खेळू द्या. ऑफिशियल इव्हेंटला स्वतः छापलेल्या प्रॉक्सी चालत नाहीत हे लक्षात ठेवा फक्त. सगळ्यांकडे माकड आल्यावर पण कंटाळा येत असेल तर मग ती बॅनची केस झाली.

आणि आता काकांचं टॉप. यावर कोणीच चिडलेलं नाही म्हणून ते तुमच्या यादीत नाही, आणि माझ्या मते तुमच्या ग्रुपला सगळ्यात जास्त तेच खातंय. एक मानाचं कार्ड, अजून एक माना द्या, वरची तीन कार्डं बघा आणि हव्या त्या क्रमाने ठेवा. टॅप करून एक कार्ड घ्या आणि टॉप परत डेकवर ठेवा. एकदा बघायला काही नाही, पण ते तुमच्या टर्नला करता येतं, समोरच्याच्या टर्नला करता येतं, फेच लँडने शफल केलं की परत करता येतं, आणि प्रत्येक वेळी माणूस तीन कार्डांकडे बघून विचार करतो. राउंड पन्नास मिनिटांचा असतो, त्यानंतर पाच टर्न. काकांनी काही चीटिंग केली नाही, मुद्दाम वेळ पण घालवला नाही, कार्डच तसं आहे. मॉडर्नमध्ये ते पहिल्या दिवसापासून बॅन आहे आणि लेगसीतून एप्रिल 2017 मध्ये गेलं, तिथे टॉपवर चालणारं मिरॅकल्स डेक जिंकत पण होतं पण वेळेचा मुद्दा पण उघडपणे सांगितला होता.

ऑफिशियल लिस्टांमध्ये असे वेळखाऊ बळी बरेच आहेत. पोकेमॉनच्या कार्ड गेममध्ये लायसँडर्स ट्रम्प कार्ड, दोघांचा सगळा डिस्कार्ड परत डेकमध्ये शफल करायचा, म्हणजे डेक संपून हरण्याची भीतीच गेली आणि गेम्स संपेनात, जून 2015 ला बॅन. 2024 ला नाडू आलं, एक पक्षी, ज्याच्यामुळे एका माणसाचा टर्न इतका लांब चालायचा की समोरचा उठून चहा पिऊन यायचा, आणि कॉम्बो नक्की पुरा होईल याची खात्री नसल्यामुळे शॉर्टकट पण घेता येत नाही, प्रत्येक पायरी खेळूनच दाखवायची. जूनमध्ये सेट आला, ॲमस्टरडॅमची प्रो टूर नाडूनेच जिंकली, आणि 26 ऑगस्टला बॅन. डिझायनरने नंतर स्वतः लिहून सांगितलं की कार्डाचा शेवटचा मजकूर उशिरा बदलला होता आणि त्या रूपात ते खेळून तपासलंच नव्हतं. तुमच्याकडे प्रश्न अजून साधा आहे, क्लबहाऊस नऊला बंद होतं, पनवेलवाल्यांना ट्रेन पकडायची असते, आणि काकांची मॅच चालू असते म्हणून तिसऱ्या राउंडचं पेअरिंगच लागत नाही. दहा माणसं एका कार्डासाठी थांबतात. काका हरतात म्हणून ते निर्दोष ठरत नाही, कार्ड किती जिंकतं यापेक्षा ते खोलीचं काय करतं हे बघायचं.

(पावसाळ्यात वाकणारी फॉइल कार्डं बॅन करा म्हणालात तर मात्र पहिली सही माझी. जुलैमध्ये डेक टेबलावर ठेवलं की फॉइल कुठे आहे ते लांबून दिसतं, आणि मग मार्क्ड कार्डवरून (मागूनच ओळखू येणारं कार्ड) वेगळी कटकट.)

बॅन आणि मोकळं सोडणं यांच्या मध्ये पण बरंच काही असतं. यू-गि-ओ या कार्ड गेममध्ये तीन पायऱ्या आहेत, पूर्ण बंद, एक कॉपी, दोन कॉपी. पॉट ऑफ ग्रीडसारखं कार्ड, फुकटात दोन कार्डं घ्या, ते पूर्ण बंदच बरं, कारण प्रत्येक डेकमध्ये ते जाणारच मग निवड कसली. मॅजिकच्या व्हिंटेज फॉरमॅटमध्ये ब्लॅक लोटस हे फुकट माना देणारं कार्डपण चालतं पण एकच कॉपी. या उपायाची पण मर्यादा आहे, 2020 ला लरस हे कार्ड आलं, ते कम्पॅनियन (गेमबाहेरचा साथीदार) म्हणून साइडबोर्डमधून दर गेमला मिळायचं, एकच कॉपी लागायची, मग एका कॉपीवर आणून उपयोग काय, शेवटी व्हिंटेजमध्ये सुद्धा बॅन करावं लागलं. पुढे कम्पॅनियनचा नियमच बदलला, तीन माना द्या आणि मग हातात घ्या, आणि लरस 2021 ला व्हिंटेजमध्ये परत आलं. फ्लेश अँड ब्लड या कार्ड गेमवाल्यांची पद्धत मला फार आवडते, हिरो (खेळाडूचं मुख्य पात्र) जिंकत गेला की त्याचे पॉइंट साठतात आणि हजार झाले की तो लिव्हिंग लेजंड म्हणून मानाने निवृत्त. कोणी कोणाला शिक्षा केली असं वाटत नाही आणि आपला हिरो कधी जाणार याचा अंदाज आधीच येतो.

हा अंदाज असणं फार महत्त्वाचं आहे कारण लोकांचे पैसे अडकलेले असतात. 24 एप्रिल 2017 ला विझर्ड्सने जाहीर केलं की स्टँडर्डमध्ये काही बदल नाही, आणि दोनच दिवसांनी फेलिडार गार्डियन बॅन. त्या दोन दिवसांत ज्याने डेक घेतलं असेल त्याचं काय? बॅन योग्य होता, साहीली हे कार्ड आणि ती मांजर (फेलिडार गार्डियन) मिळून चौथ्या टर्नला गेम संपत होता, पण पद्धत वाईट. सप्टेंबर 2024 ला कमांडर फॉरमॅटमध्ये माना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस, डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट आणि नाडू एकदम बॅन झाली. तेव्हा कमांडरचे नियम कंपनीबाहेरची स्वयंसेवकांची कमिटी ठरवायची. महागडी कार्डं रातोरात पडली आणि लोकांनी कमिटीवाल्यांना धमक्या दिल्या, एवढ्या की आठवडाभरात त्यांनी फॉरमॅट विझर्ड्सकडे सोपवला. कार्डांवरून माणसांना धमक्या देणं हा निव्वळ हलकटपणा आहे. पण कमिटीच्या तर्कात पण एक भोक होतं आणि ते त्यांनी कबूल केलं होतं, वेगवान माना नको म्हणून क्रिप्ट काढायची तर सोल रिंग, तीही वेगवान मानाचीच, का ठेवली? कारण ती सगळ्यांच्या डेकमध्ये आहे, ती फॉरमॅटची ओळख आहे. हे उत्तर तर्काचं नाही, पण मला पटतं. खेळायला लोक कशासाठी बसतात हे पण बघावं लागतं.

तुमचा बॅन हा सोसायटीच्या क्रिकेटमधल्या "काचेला लागला तर आउट"सारखा आहे, कंपाउंडच्या आत तो शंभर टक्के नियम आणि बाहेरच्या मैदानावर त्याला काही अर्थ नाही. त्यामुळे मुंबईत कुठे ऑफिशियल मॉडर्न इव्हेंटला जाणारे तुमच्यात असतील तर सरळ ऑफिशियल मॉडर्न लिस्ट घ्या, टॉपचा प्रश्न आपोआप सुटतो आणि कोणी कोणाचं नाव घेऊन बॅन मागितला असं पण होत नाही. मी तर हेच सुचवेन. ते नको असेल, जुनी कार्डं खेळायची मजा हवी असेल, तर ठरवण्याची तारीख आधी जाहीर करा, तीन महिन्यांतून एकदा, मधे कितीही रडारड झाली तरी नाही. ज्याच्याकडे ते कार्ड आहे त्याला बोलायला पहिली संधी द्या. आणि प्रत्येक बॅनला मुदत घाला, पुढच्या तारखेला तो आपोआप संपतो आणि परत हवा असेल तर परत कारण द्यावं लागतं. नाहीतर लिस्ट वाढतच जाते, का वाढली ते कोणाला आठवत नाही.

काकांशी बोलायचं काम ग्रुपवर मेसेज टाकून करू नकोस. मॅच संपल्यावर चहाला ने आणि सांग की काका तुमचं डेक आवडतं पण आम्हाला तिसरा राउंड खेळायचाय. टॉपच्या जागी चार पॉन्डर घालायला सांग, ते पण तीनच कार्डं बघतं, पण एकदाच, आणि मग ग्रेव्हयार्डमध्ये जातं. पॉन्डर पण मॉडर्नमध्ये बॅन आहे म्हणून उद्या ऑफिशियल लिस्ट घेतलीत तर तेही जाईल, पण तोपर्यंत काकांचं डेक नीट चालेल. त्यांच्याकडे नसतील तर माझ्याकडे जास्तीचे चार पडलेत, ठाणे-वाशी लोकलने येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवतो.